आष्टीच्या घराची तीन कुलपं

बंद दारावर नवंकोरं कुलूप दिसलं, की आष्टीचं ते घर अजूनही डोळ्यांपुढं उभं राहतं आणि मला एकट्यालाच हसू येतं. निजामी अंमल होता. मी त्या भागात अमीन, म्हणजे आताच्या भाषेत फौजदार होतो. नावं कुणाचीच घेत नाही. त्यातली काही माणसं आज प्रतिष्ठित म्हणवतात.

बाजाराचा दिवस. त्या दिवशी चौकीत हरवलेली जनावरं, पाकीटमार आणि फुटलेली डोकी एकदमच येत. त्या गर्दीत बाजारातल्या खानावळवाल्या मावशी आल्या. विधवा बाई, एकहाती खानावळ चालवायच्या.

"साहेब, माझ्या बंद घरात कुणीतरी पिठलं करून राह्यलंय."

"कुलूप तुटलंय का?"

"न्हाई. कुलूप बराबर हाय, चावी माझ्या कनवटीला. पन छताच्या सवण्यातून धूर निघून राह्यलाय. आन लसूण बिलकुल करपलाय."

जवान फिदीफिदी हसले. मी डोळे वटारले, कारण बाई रडकुंडीला आली होती. तिला बसवून बयान घेतलं, तेव्हा हकिगत कळली.

गावात एक गोडबोल्या गृहस्थ होता. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची जागा होती, पण बांधायला दमडी नव्हती. तो लोकांना म्हणे, "रोख न्हाई? मंग लाकूड द्या. सोनं असलं तरी चालतं. तुमच्या सोयीनं." बदल्यात व्याज नाही, घराचा ताबा. पैसे फिटेपर्यंत घर पैसे देणाऱ्याचं. ताब्याची खूण म्हणून देणाऱ्यानं दाराला स्वतःचं कुलूप लावायचं. अट एवढीच, की वास्तुशांत होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. वास्तुशांत मालकच करणार होता आणि त्याला मुहूर्त काही सापडत नव्हता. मावशींनी हातातल्या दोन्ही पाटल्या त्याला दिल्या होत्या. जुन्या जागेचा मालक संक्रांतीला खानावळ उठवणार होता. हे घर गेलं असतं तर पाटल्याही जात होत्या आणि पोटही.

जमादार आणि दोन जवान घेऊन मी निघालो. घराला तीन दारं: एक बाजाराकडं, एक विहिरीकडं, एक मागं. तिन्हींना कुलपं. "बाकीची दोन मालकाची हायेत," मावशी म्हणाल्या. मी पंचनाम्याला पंच गोळा करतोय तोच एक लाकडाचे व्यापारी धावत आले. विहिरीकडच्या दाराची चावी त्यांच्या खिशात होती. त्यांच्यामागून एक निवृत्त पेशकार आले. त्यांच्याकडं मागल्या दाराची. बाकीची दोन कुलपं मालकाची, असं प्रत्येकालाच सांगितलेलं होतं!

"पेशकार साहेब, जन्मभर कचेरीत गहाणखतं वाचलीत. आत एकदा डोकावला नाहीत?"

"मुहूर्त न्हवता ना, साहेब," ते ओशाळून म्हणाले.

जमादार शेजारच्या भिंतीवरून धाब्यावर चढला. आपल्याकडं धाब्याच्या छताला उजेडासाठी सवणं ठेवतात. त्यातून त्यानं आत पाहिलं आणि ओरडला, "साहेब, मालक जेवून राह्यलेत!"

तिन्ही दारं देऊन बसल्यावर त्या गृहस्थाला स्वतःच्या घरात शिरायला दारच उरलं नव्हतं. तो सवण्यातून शिडीनं ये-जा करत होता. मी उभ्या नोकरीत बऱ्याच चौकश्या केल्या, पण धाब्यावर उकिडवं बसून, खाली ताटावर बसलेल्या आरोपीची चौकशी तेवढी एकच.

"बाईच्या पाटल्या कुठं आहेत?"

"इकल्या, साहेब. त्याच्याच भिंती हायेत. शेठचं सागवान वर तुमच्या पायाखाली हाय. पेशकार साहेबांचे रुपये फरशीत आन दारांत गेले. खर्चा सगळा डोळ्यापुढं हाय. म्या एक पैसा खाल्ला न्हाई."

"अरे, पण एक घर तिघांना दिलंस?"

"दारं तीन हायेत ना, साहेब."

एवढं निरागसपणे सांगून त्यानं पुढचा घास घेतला.

आता त्याला अटक करून बाहेर काढायचं होतं. पोटभर जेवल्यामुळं त्याला शिडी चढवेना. मी म्हणालो, "एक कुलूप उघडा." शेठ म्हणाले, आधी पेशकारांनी उघडावं. पेशकार म्हणाले, कुलूप काढलं की ताबा सुटला, आधी शेठनी उघडावं. दोघंही आपापल्या दाराला पाठ लावून उभे राहिले. ऊन चढलं, मी दरडावलं, पण दोघं ढिम्म. माझं डोकं इतकं तापलं, की तिघांनाही आत घालावं असं वाटू लागलं.

एवढ्यात खट्ट आवाज झाला. मावशींनी आपलं कुलूप काढलं होतं. उजवं पाऊल पुढं टाकून त्या आत गेल्या, करपलेलं भांडं चुलीवरून उचललं आणि आरोपीला म्हणाल्या, "सरक बाजूला." शेजारून दूध आणवलं, उतू जाऊ दिलं आणि चुलीला हात जोडले. "झाली वास्तुशांत." मग परात पुढं ओढून पीठ मळायला घेतलं. आरोपीला घेऊन आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत बाजारकरी वासानं आत शिरू लागले होते. दुपार कलल्यावर शेठ आणि पेशकारही मावशींच्याच दारानं आत आले. भूक कुणाला चुकली आहे?

प्रकरण अदालतीत गेलं. ताबा कुणाचा, हा प्रश्न निघाला तेव्हा मावशींच्या बाजूनं अर्धा बाजार साक्षीला उभा राहिला. सगळे तिथं जेवले होते. शेवटी तडजोड झाली. घर मावशींकडं राहिलं आणि दोघांचं देणं त्यांनी वर्षावर्षाला थोडं थोडं फेडलं. आरोपी शिक्षा भोगून परतल्यावर त्यांनी त्यालाच पाणी भरायला ठेवलं. चुलीजवळ मात्र कधी फिरकू दिलं नाही.

कायद्याच्या जोरावर हक्क सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. बहुतेकांचा जन्म कुलपाची राखण करण्यातच जातो, हे मला त्या घरानं शिकवलं. बदली झाल्यावर शेवटचं जेवायला गेलो, तेव्हा मावशींना विचारलं, "कुलूप काढताना घर हातचं जाईल अशी भीती नाही वाटली?"

त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली.

"भ्या वाटलं की, साहेब. पन दार लावून खानावळ चालती व्हय?"