अँटिव्हायरस टिंग टिंग का वाजत होता

आज सोमवार, १३ ऑक्टोबर २००८, सकाळी सव्वाअकरा. पंचवटीतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात एका काकांचा अर्ज टाइप करत होतो. पुन्हा टिंग! काका म्हणाले, "आरती चालू आहे का रे?"

आठवडाभर अँटिव्हायरस असाच वाजतोय. तो बसवून देणारा माझा मित्र सुहास फोनवर सांगायचा, "अपडेट होतंय रे, ओके दाबत जा." मी दाबत राहिलो.

आज डिक्शनरी आणून तो इंग्रजी मेसेज शब्द न् शब्द वाचला. महिन्याची फुकट मुदत संपली होती. सुहासने वर्षाच्या लायसन्सचे पैसे घेतले होते.

विचारलं तर हसला. "तू नववी नापास. वाचशील असं वाटलं नव्हतं."

मित्रांनो, तुम्ही मित्राकडे पावती मागता का?

खर्च: अँटिव्हायरस ९००, डिक्शनरी ६०. सुहासकडून येणे ९००. डिक्शनरीचे मी सोडले.