पोचूभाऊचा मुका ढोल

तेव्हा अख्खा मुलूख मिळून एकच चांदा जिल्हा होता. छप्पन-सत्तावन सालची गोष्ट असेल. अहेरीकडच्या आमच्या गावात ढोल घडवावा तर पोचूभाऊनंच. माणूस तोंडाचा फाटका, पण हात असा सच्चा की अजून आठवण आली की जीव हळहळतो. शिवणीचं खोड सावलीत वाळवायचं, वाकसानं पोखरायचं आणि आतून तासताना मधूनमधून टिचकी मारून ऐकायचं. खोड जाड राहिलं तर आवाज आतच दबतो, पातळ झालं की घुमतो, आणि हाव केली की फुटक्या मडक्यासारखा वाजतो. कुठं थांबायचं ते पोचूभाऊचे कान सांगत.

त्या वर्षी सणाचा ढोल मात्र त्याच्या मनाजोगता बोलेना.

"मुका हाये साला," म्हणत तो पुन्हा तासायला बसला.

"भाऊ, चांगला तं घुमून राह्यला," शेजारचा डोमा त्याच्या कानाशी ओरडला.

"तुले काय समजते बे?" पोचूभाऊ खेकसला आणि तासतच राहिला. शेवटी चामडं ओढताना खोड उभं तडकलं.

त्याची बायको बुधरी अंगणात मोहफुलं वाळवत होती. तिनं मागून हाक मारली. तो वळला नाही. मग ती समोर येऊन बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "खोडात काई खोट नाई. तुमचे कान गेले."

"मंग आता मी कायच्या कामाचा?" म्हणून पोचूभाऊ आमच्यादेखत रडला. असला भांडखोर माणूस, पण त्याचं रडणं बघवेना.

बुधरीनं वाळलेलं दुसरं खोड पुढ्यात ओढलं. तो तासायचा, ती टिचकी मारून ऐकायची, आणि जसा आवाज तशी थाप त्याच्या पाठीवर द्यायची. दबका असला तर मुठीनं, खुलू लागला तसा उघड्या तळव्यानं. चारचौघांत नवऱ्याच्या पाठीवर हात! बायांनी पदर तोंडाला लावले, पण बुधरीला कशाची तमा? शेवटी खोड हवं तसं घुमलं, तेव्हा तळवा तिनं पाठीवर तसाच ठेवला. पोचूभाऊनं हत्यार खाली ठेवलं.

सणाला तो ढोल गावच्या वाजवणाऱ्या मंगरूच्या गळ्यात होता. बाया एकमेकींचे हात धरून रेला नाचत होत्या. पोचूभाऊ कडेला बसून टक लावून बघत होता. कसा वाजतो, असं डोमानं खुणेनं विचारलं.

"थांब ना बे," पोचूभाऊ म्हणाला, "बुधरी अजून नाचून राह्यली. ती आली का सांगतो."