रबराच्या काँक्रीटवरचं वजन

साकीनाक्याच्या एका गाळ्यातून आम्ही दोघांनी, मी आणि लॅबमधल्या माझ्या सहकाऱ्याने, जुन्या टायरचा चुरा आणला होता. थोड्या वाळूऐवजी तो घालून काँक्रीटचे सिलिंडर ओतले आणि लोखंडी फ्रेममध्ये, जाड स्प्रिंगखाली, महिनोन् महिने दाबून ठेवले. मुलुंडला घरी आईने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "वजन तेवढंच असतं, तरी काँक्रीट हळूहळू आखडत जातं. रबर असलं की जास्तच."

"मग काढा की ते वजन," आई म्हणाली.

रीडिंग तो घ्यायचा, सिलिंडरवर चिकटवलेल्या दोन बिंदूंवर, त्यांच्यातलं अंतर मोजायचं गेज टेकवून. हात बदलला की आकडा बदलतो, म्हणून एकाच माणसाने घ्यायचं. मी शेजारी उभी राहून लिहून घ्यायचे. त्याला जर्मनीत नोकरी लागली, तेव्हा पुढची रीडिंग्ज मी घ्यायची ठरलं; दोन हातांतला फरक कळावा म्हणून आम्ही एकाच सिलिंडरवर पाठोपाठ रीडिंग घेतलं.

"अगं, दाब ना! चावत नाही ते," तो हसला. "किती हलका हात आहे तुझा."

"तूच जोरात दाबतोस."

"मेमध्ये येतोय मी. लोड दोघं मिळून काढू. तोवर राहू दे."

मी "बरं" म्हटलं. आणखी काही म्हणायचं होतं.

एप्रिलमध्ये आमच्या गाइड सरांना फ्रेम दुसऱ्या कामासाठी हवी होती. सरांशी मी स्वतःहून सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले, "सर, अजून आखडतंय. मे संपेपर्यंत ठेवू या?" खोटं नव्हतं. रबराचे सिलिंडर खरंच थांबत नव्हते.

मेमध्ये त्याचा मेसेज आला. "नाही जमत आहे यार यायला. तूच काढून टाक ना."

मी "ओके" लिहिलं.

नट सैल करायला एक आणि लगेच रीडिंग घ्यायला एक, अशी दोन माणसं लागतात. सर पाना घेऊन आले. त्याआधी मी लोडखालचं शेवटचं रीडिंग घेतलं.

"आठवड्यात एवढा फरक?" सर म्हणाले. "नीट टेकवलंस ना?"

तेव्हा लक्षात आलं. गेज मी त्याच्यासारखं दाबून धरलं होतं.

"परत घेते, सर."

हलक्या हाताने टेकवलं. आकडा जागेवर आला. मग सरांनी नट सैल केले आणि सिलिंडर जरासा परत उठला. पूर्ण नाही. पुढचे काही दिवस तो सावकाश आणखी थोडा उठेल, म्हणून ती रीडिंग्ज घ्यायची होती.

कितीने उठला, ते त्याला कळवायला फोन काढला. मग ठेवून दिला आणि दुसरा सिलिंडर पुसायला घेतला.