डाव्या विंगेतलं स्टूल

जबलपूरच्या मराठी मंडळींत मी नट म्हणून ओळखला जातो, आणि तेही माझ्या थांबण्यामुळे. गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक असतं. ते संपलं की राइट टाउनमधले एक निवृत्त प्राध्यापक दरवर्षी माझा हात धरून म्हणायचे, "दादा, बोलतात सगळेच. तुमच्यासारखं थांबतं कोण?" मी नम्रपणे मान खाली घालायचो. ती नम्रता अगदी खरी होती. कारण त्या प्रत्येक थांबण्यात मी वाक्य विसरलेलो असायचो, आणि डाव्या विंगेत स्टुलावर बसलेली माझी बायको मला पुढचा शब्द पुरवत असायची.

एकच शब्द. अख्खं वाक्य तिने कधी दिलं नाही. नाडी ओढली की पायजमा जसा आपोआप गोळा होतो, तसं बाकीचं वाक्य त्या शब्दामागे यायचं. तिचा आवाज पहिल्या रांगेतल्या खुर्चीलाही ऐकू गेला नाही. चोवीस नाटकं आम्ही अशी केली. टाळ्या मला, आणि स्टुलावर अवघडलेली कंबर तिला.

मी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासणीच्या कामावर होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या, मग घरी येऊन पाठांतर करायचा मला भारी कंटाळा. ती म्हणायची, "काहून पाठ करत नाही हो? मी नसली तर काय करणार तुम्ही?"

"तू नसलीस तर मी नाटक कशाला करीन?"

हे मी पोळीचा घास तोंडात असताना म्हणालो होतो. असली वाक्यं माणसाच्या तोंडून घासाबरोबरच निघतात.

दोन वर्षांपूर्वी आषाढात ती गेली. नेपियर टाउनच्या एका दवाखान्यात अकरा दिवस होती. त्या वर्षी नाटकाचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा उत्तम होता.

तिच्या मागे घर शांत झालं हे सगळेच सांगतात. माझी अडचण जरा वेगळी होती. घरातली मराठीच संपली. भाजीवाल्याशी हिंदी, दूधवाल्याशी हिंदी, ऑटोवाल्याशी हिंदी. मुलगा नोएडाहून रोज फोन करतो, "पापा, खाना खाया?" त्याला मराठी कळते, पण बोलायला लागला की दोन शब्दांनंतर त्याचाच चेहरा पडतो. एक दिवस माझ्या हातून वाटी पडली आणि मी आपल्याशीच म्हणालो, "अरे यार, फिर गिरा दी." मग कितीतरी वेळ मी ती वाटी उचललीच नाही. चाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात वाटी मराठीत पडत होती.

यंदा श्रावणाच्या आधी आमच्या नाटकाच्या दिग्दर्शिका घरी आल्या. शाळेत शिकवतात, मला काका म्हणतात. म्हणाल्या, "काका, जुनं पेटीवाल्याचं नाटक पुन्हा करून राहिलो आम्ही. म्हातारा तुम्हीच करा."

ते नाटक आम्ही पूर्वी केलं होतं. एक म्हातारा आहे. घर आवरून त्याला मुलाकडे जायचं आहे, आणि तिथे हार्मोनियमला जागा नाही. शेवटी तो पेटी एका शिकाऊ मुलीला देऊन टाकतो.

"मला पाठ होत नाही हो आता," मी म्हणालो.

"तुम्हाला? काका, गंमत करता काय?"

त्या पोरीला काय सांगणार. चोवीस नाटकांची अब्रू एका वाक्यात घालवायची हिंमत नव्हती. तिने वही पुढे केली, "पहिलं पान तरी वाचा." मी वाचलं. आणि दीड-दोन वर्षांनी त्या घरात सलग, अख्ख्या वाक्यांची मराठी ऐकू आली. आवाज माझा होता, भरड होता, पण मराठी होती. मी दुसरंही पान वाचलं. ती चहा न पिता ऐकत बसली. मी तिला चहा विचारलाच नव्हता, हे ती घरी निघून गेल्यावर लक्षात आलं.

आता वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा पाठांतराला बसलो. फॅक्टरीतला माणूस, पद्धतीशिवाय काम करणार कसा? सगळी वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि घरभर चिकटवली. पहिला प्रवेश स्वयंपाकघरात, दुसरा न्हाणीघराच्या आरशाभोवती, तिसरा जिन्यात. दिवसभर मी घरात मोठ्याने मराठी बोलत हिंडायचो. मोलकरीण शेजारणीला म्हणाली, "बाबूजी की तबीयत ठीक नहीं लगती." मला मात्र बरं वाटत होतं. तीन आठवड्यांत सगळं नाटक पाठ झालं. मी इतका फुगलो की तालमीला वही घरीच ठेवून गेलो.

तिथे कळलं की मला नाटक पाठ झालं नव्हतं, घर पाठ झालं होतं. "ह्या पेटीला माझ्याहून जास्त माणसं ओळखतात" हे वाक्य चहाच्या डब्यावर होतं. मंडळाच्या हॉलमध्ये चहाचा डबा नव्हता. मी उजव्या कोपऱ्यात जाऊन, मान वर करून, नसलेल्या फळीकडे बघत उभा राहिलो. दिग्दर्शिका म्हणाली, "काका, तिकडे कोण आहे?" मी म्हणालो, "म्हातारा आठवण काढतोय." तिने ते वहीत लिहून घेतलं. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी तापाचा निरोप पाठवला.

तिसऱ्या दिवशी आमचा नवा प्रॉम्प्टर स्कूटरवरून दारात हजर. हे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मनाने फार भले, पण त्यांची कुजबुज नर्मदेच्या पलीकडे ऐकू जाईल. घरात शिरून त्यांनी भिंतींवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. जिन्यापर्यंत गेले, परत आले.

"दादा, म्हणजे तुम्हाला पाठच होत नाही काय?"

"नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ते वेताच्या मोढ्यावर बसले. "मग ते थांबणं?"

"वहिनी शब्द देत होती तुमची."

गार्डसाहेब हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "अच्छा. म्हणजे काम त्या करून राहिल्या होत्या." मग म्हणाले, "चलो, उठा. चिठ्ठ्या काढू. त्यांची या नाटकाची वही कुठे आहे?"

ती वही ट्रंकेत होती. मी तिला हात लावला नव्हता. माझ्या चुकांची मोजदाद एखाद्याने पेन्सिलने करून ठेवली असेल, तर ती उघडायला कोणाला आवडेल? गार्डसाहेबांसमोर उघडली. प्रत्येक पानावर तिच्या बारीक खुणा. विसरतो तिथे एक टिंब. हमखास विसरतो तिथे दोन. श्वास पुरत नाही तिथे उभी रेघ. इतकं लक्ष देऊन मी स्वतःलाही कधी ऐकलं नव्हतं.

शेवटच्या प्रवेशात, म्हातारा पेटीवरचा हात काढून म्हणतो, "घेऊन जा. मला वाजवता कुठे येत होतं." त्या वाक्याआधी तिने एक गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं: "इथे थांबतात. थांबू द्यावे. शब्द देऊ नये."

मला तो प्रयोग आठवला. मी घामाघूम होऊन विंगेकडे बघत होतो आणि ती वही मिटून, हनुवटीला हात लावून नुसती माझ्याकडे बघत होती. वाक्य कुठून आलं कोण जाणे, पण आलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती म्हणाली होती, "चांगलं वाटत होतं, म्हणून नाही दिला." मला वाटलं होतं, सारवासारव करतेय.

त्या टिंबांवरून मी नाटक पाठ केलं. घराच्या नाही, तिच्या आधाराने म्हणा. रोज संध्याकाळी गार्डसाहेब यायचे, मी बोलायचो, टिंब आलं की ते बोट वर करायचे. आवाज करायची त्यांना बंदी होती. हळूहळू त्यांचं बोट खालीच राहू लागलं.

प्रयोगाच्या दिवशी मी तिची वही त्यांच्या हातात दिली. ते डाव्या विंगेत तिच्या स्टुलावर बसले. स्टूल त्यांना लहान पडत होतं. पहिले दोन प्रवेश पार पडले, एकाही टिंबावर अडलो नाही. खरं सांगू, थोडं वाईटच वाटलं. इतकं सोपं होतं तर तिच्या हयातीत काय धाड भरली होती मला?

मग शेवटचा प्रवेश. मी पेटीवरचा हात काढला. वाक्य मला पाठ होतं, जिभेवर होतं. तरी मी डावीकडे पाहिलं.

गार्डसाहेबांनी वही मिटली होती आणि स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा वाक्य येत असताना थांबलो. हॉलमधले पंखे ऐकू येत होते. तिने त्या वेळी स्टुलावरून माझ्यात जे बघितलं, ते काय असेल ते मला तेवढ्यात कळेल असं उगाच वाटत राहिलं. कळलं नाही. ते स्टुलावरूनच दिसत असणार. मग मी म्हणालो, "घेऊन जा. मला वाजवता कुठे येत होतं."

प्राध्यापकांनी नेहमीसारखा हात धरला. "तोच विराम, दादा. काही फरक नाही."

"फरक आहे थोडा," मी म्हणालो. त्यांना ते नम्रतेचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकला. डब्यावरची एक चिठ्ठी काढायची राहून गेली होती, ती तशीच ठेवली. वही घेतली, शेवटच्या प्रवेशाचं पान काढलं, आणि तिच्या ओळीखाली पेन्सिलने लिहिलं: "या वेळी पाठ होतं." मोठ्याने वाचलंही. ऐकायला कोणी नव्हतं, पण घरात मराठी झाली.