घासलेली नाणी

चोपड्याहून मी निघाले ती आबांच्याच गाडीने. आबा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. त्या दिवशी त्यांची ड्यूटी नेमकी धुळ्याच्या गाडीवर होती. त्यांनी माझं तिकीट फाडलं, पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकले आणि डबल बेल दिली. पोरीला गावाबाहेर काढणारी घंटी बापानेच वाजवायची, हे कंडक्टरच्याच मुलीचं नशीब! पारोळ्यापर्यंत ते माझ्या सीटकडे फिरकले नाहीत. धुळ्याला पुण्याची गाडी लागलेली होती. तिच्यात बॅग चढवून देताना एवढंच म्हणाले, "तठे नीट ऱ्हायजो, पोरी."

आबांना एकच नाद होता. पिशवीत कुणा पुढाऱ्याचं किंवा कसल्याशा महोत्सवाचं चित्र असलेलं नाणं आलं, की ते बाजूला काढायचे आणि तेवढ्याच किमतीचं साधं नाणं खिशातून टाकायचे. हिशेबाला माणूस चोख. घरी स्टीलच्या डब्यात ती नाणी साठत गेली. "हाई सरकारी आठवण शे, येनं मोल वाढी," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. लक्ष्मीपूजनाआधी आई पितळेच्या भांड्यांबरोबर तीही चिंच-राखेने घासायची. पूजेत नाणी लखलखली की आबांची छाती फुगायची.

इकडे पुण्यात माझं बस्तान बसलं. फ्लॅट ईएमआयवर, गाडी ईएमआयवर, आठवडा शिफ्टवर. तिकडे आबा रिटायर झाले आणि त्यांच्या हातात स्मार्टफोन आला. जुनं नाणं विका, लखपती व्हा, असल्या व्हिडिओंनी त्यांचं डोकंच फिरवलं. ते व्हिडिओ करणारा एकदा माझ्या तावडीत सापडायला हवा.

मग आबांच्या छातीत दुखायला लागलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली, उशीर करू नका म्हणाले. मी म्हटलं, लोन काढते. आबा म्हणाले, "तुना पैसा तुले ऱ्हाऊ दे. मनाजोडे नाणी शेतस. जरासा भाव वाढू दे." मी फोनवर भांडले, रडले, बोलणं टाकलं. कशाचाही उपयोग झाला नाही. लेकीला कर्जात घालायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता, आणि त्या हट्टापुढे मी हरले. उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दिवस झाल्यावर आईने डबा माझ्या हवाली केला. "विकी टाक," म्हणाली. "त्यासना दवाखानाना पैसा व्हता तो." पुण्यातल्या एका नाणेवाल्याने डबा उघडून पाहिला आणि परत लावला. अशी नाणी टाकसाळीने ढिगाने पाडलेली असतात, म्हणाला, कुणीही आठवण म्हणून ठेवावीत. संग्राहक पैसे मोजतात ते टाकसाळीच्या पेटीतल्या, हात न लागलेल्या नाण्यांना. "आणि ही तर घासलीयत ताई. घासलेलं नाणं कुणी घेत नाही. दुकानात चालवा, छापलेत तेवढे येतील."

गाव सोडून गेलेल्यांना आणि गावात राहिलेल्यांना मला एवढंच विचारायचं आहे: आईला मी काय सांगायला हवं होतं? नाणी मोलाची निघाली म्हणावं, तर वेळेत का विकली नाहीत म्हणून ती ऊर बडवणार. कवडीमोल निघाली म्हणावं, तर आबा कशापायी गेले? चिंच-राखेचं तर मी बोलणारच नव्हते. ते आजही तिला ठाऊक नाही.

दिवाळीला गेले आणि बाकीचं खरं सांगून टाकलं. आई चुलीपुढे बसली होती. रडली नाही. चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "मंग त्यास्नी कसानी वाट देखी?"

आबांनी कशाची वाट पाहिली, एवढंच तिला विचारायचं होतं. पुण्यातला फ्लॅट हे माझं घर कधी झालंच नाही. आणि चोपड्याचं घर म्हणजे आता आईचा तो प्रश्न आहे. दार उघडून ती "उनी का, पोरी?" म्हणते, तेव्हाही मला तोच ऐकू येतो.