फ्रीजमागची बाळोती

मी लोणावळ्याच्या लोको शेडमधला फिटर. कुणी भुताची गोष्ट काढली की मी विचारायचो, "त्याला नटबोल्ट कुठं असतात ते दाखव, पाना लावतो." सगळे हसायचे, मीही हसायचो. आता पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तरी हरकत नाही... माझी पाळी आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. माझी सुमी तेव्हा दुसरीत, आणि तिला मधुमेह. रोज इन्शुलिनचं इंजेक्शन. औषध मिळता मिळत नव्हतं. मुंबईच्या एका ओळखीनं कशाबशा थोड्या बाटल्या आल्या, आणि डॉक्टरांनी बजावलं — "गारच ठेवा. या खराब झाल्या तर दुसऱ्या कुठून आणणार?" आमच्या चाळीत गार म्हणजे माठ. शेवटी वलवणच्या एका बंगल्यातला रॉकेलवर चालणारा फ्रीज कामी आला. मालक मुंबईचे शेठ, उन्हाळ्यापुरते यायचे. किल्ली देत म्हणाले, "पोरीसाठी खुशाल वापरा." बंगला सांभाळायला धोंडामावशी होती, राजमाचीकडच्या वाडीवरची.

ऐन आषाढात फ्रीज गार होईना. मी वात कापली, ज्योत निळी केली, धुराड्यातली काजळी काढली, पाणसळ लावून पाय सारखे केले, दाराच्या रबरात कागद धरून पाहिला. सगळं ठाकठीक, आणि आत हात घातला तर बाहेरच्यासारखंच.

मग फ्रीज भिंतीपासून पुढं ओढला. मागच्या जाळीवर ओली बाळोती वाळत घातलेली — दाटीवाटीनं. वर एक कुंची, एक इवलीशी गोधडी. आता फ्रीज आतली उष्णता त्या जाळीतूनच बाहेर टाकतो. तीच कोंडली तर आत गार काय पडणार, कपाळ? पण लोणावळ्याच्या पावसात महिना महिना कपडा वाळत नाही. कुठं ऊब सापडली की आमच्याकडच्या बायका तिथं काहीतरी पसरणारच.

"मावशी, आत पोरीचं औषध आहे. इथं कपडे घालू नका."

"मी कशाला घालीन, भाऊ? माज्या घरात तान्हं हाय कुटं?"

मला काही ते पटलं नाही. कपडे काढून ओसरीवर ठेवले, स्वयंपाकघराला माझं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी उघडलं तर जाळीवर तेच कपडे. तसेच ओले. खिडक्यांच्या कड्या आतून लावलेल्या.

मी कपडे मावशीच्या हातात दिले. कुंचीचं जांभळं ठिगळ तिनं बोटांनी चाचपून पाहिलं.

"ही मीच शिवलीती, भाऊ. माज्या धाकल्या भनीच्या लेकराला. चंद्री हितंच कामाला व्हती. आशाच पावसात बाळंत झाली. कापडं काय वाळंनात... वल्यातच ऱ्हायलं लेकरू, छाती भरली त्याची. ही कुंची घालूनच मातीत ठिवलं त्याला. मागनं चंद्री बी गेली."

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त गलबलून आलं. मी माझ्या लेकीसाठी त्या फ्रीजची पुढची बाजू गार करायला धडपडत होतो. चंद्री तिच्या लेकरासाठी मागची ऊब शोधत होती. तिला फटकारू कसा?

"मग आता काय करायचं, मावशी?"

"बाळंतिणीच्या घरात काय करत्यात? त्येच."

तिनं शेगडी पेटवली, पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली, निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकलं आणि वर टोपली पालथी घातली. टोपलीवर बाळोती पसरली, कुंची पसरली. मग त्या रिकाम्या स्वयंपाकघरात, एखाद्या समोरच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "चंद्रे, हितं वाळव गं. त्या कपाटात भाऊंच्या लेकीचा जीव हाय."

मी पुन्हा कुलूप घातलं. सकाळी दोघांनी मिळून उघडलं. फ्रीजच्या वरच्या खणात बर्फ धरला होता. शेगडीत नुसती थंड राख... आणि टोपलीवर बाळोत्यांच्या घड्या. नीट, एकावर एक. मावशीनं कुंची गालाला लावली. मी हात लावून पाहिला. कोरडी होती, ऊबदार होती. मावशी ते सगळं पदरात घेऊन वाडीवर गेली आणि लेकराला ठेवलं होतं तिथंच परत मातीत ठेवून आली.

पुढं फ्रीजनं कधी त्रास दिला नाही. शेडमधले म्हणतात, मावशीचंच काम असणार. असेल बुवा. पण कुलूप माझं होतं. फ्रीज गार का होत नव्हता, ते फिटर म्हणून मी सांगू शकतो. मातीतली कुंची जाळीवर कशी आली, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसरं औषध मिळेपर्यंत त्या बाटल्या पुरल्या. सुमी आता माझ्या खांद्याला लागते. बंगल्यात वीज आली, तो फ्रीजही गेला. तरी आषाढ लागला की सुमी वलवणला जाते आणि मावशीबरोबर त्या कोपऱ्यात शेगडी पेटवते. टोपलीवर आता काही नसतं. ओवा मात्र सुमी न विसरता टाकते.