पाच हळकुंडं

माझं शिक्षण चौथी. पण सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली आणि त्यात एक गोष्ट पक्की शिकलो. ठेकेदाराशी बोलताना बसायचं नाही, उभं राहून बोलायचं. बसलं की तो चहा मागवतो, आणि चहा संपेपर्यंत काम पुढच्या महिन्यावर गेलेलं असतं.

ही विद्या रिटायर झाल्यावर कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आली.

आमची चाळ कारखान्यांच्या मागच्या अंगाला. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मधे नळ. माझ्या दारासमोर सुरगाण्याकडचं एक जोडपं भाड्यानं राहतं. नवरा प्रेस मशीनवर, बायको घरी, सहा महिन्यांची मुलगी. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी नवऱ्याला टीबी निघाला. त्याचं औषध लगेच सुरू झालं, तो सुधारायलाही लागला. पण बायको खोकायची. कोरडा, बारीक खोकला, पहाटेचा जास्त.

तो खोकला मला ओळखीचा होता. माझी बायको त्याच्या दीड वर्ष आधी टीबीनंच गेली. त्यामुळं समोरून आवाज आला की माझा हात थांबायचा. दाढी करत असलो तर गालावर ब्लेड तसंच.

एक दिवस नळावर मी तिला विचारलंच. "पोरी, दवाखान्यातून तुला तीनदा निरोप आला. तपासायला का जात नाहीस?"

"जाईन बाबा."

"कधी? मेल्यावर?"

माझं बोलणं असंच. बायको म्हणायची, तुमच्या तोंडाला एखादं फाटक बसवून घ्या. पण पोरगी चिडली नाही. हंडा खाली ठेवून हळूच म्हणाली, "एकटी गेले तर चाळ बघंल. गड्याला झालं तर औषध घे म्हणत्यात, बाईला झालं तर खोली सोड म्हणतील. अन् सोमवारी आमी आवणीला चाललो गावाला. आल्यावर बघू."

आवणी म्हणजे भाताची लावणी. दीडदोन महिने चिखलात वाकून काम, पदराखाली तान्ही पोर. आल्यावर काय बघणार होती ही? ‘आल्यावर बघू’चं काय होतं, ते मी माझ्याच घरात बघितलं होतं.

"समदी चाळ गेली तर मी बी जाईन," ती म्हणाली. टाळायला म्हणाली ती. मी ते धरून बसलो. त्या दिवशी बुधवार होता.

महापालिकेच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीची. बायकोच्या वेळी तिच्याकडं इतके खेटे घातले होते की शिपायानं मला एकदा स्टाफ समजून पंखा बंद करायला सांगितला. तिला म्हटलं, अख्खी चाळ तपासायची आहे, सोमवारच्या आत.

ती म्हणाली, "काका, एक्स-रेची गाडी आमची नाही. ते काम एका संस्थेला ठेक्यानं दिलंय. तुमच्या चाळीचा नंबर पुढच्या महिन्यात."

ठेका म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलो. "करारात तातडीचं काही कलम असेल ना? आमच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की ठेकेदाराला चोवीस तासांत यावं लागायचं."

बाई हसली. कपाटातून फाइल काढून चाळली. कलम होतं. एका ठिकाणी रुग्ण सापडला असेल तर डॉक्टरच्या पत्रावर तीन दिवसांत गाडी पाठवायची. मात्र किमान चाळीस माणसांची यादी हवी आणि मशीन लावायला छप्पर आणि प्लग हवा. तिनं तिथंच पत्र लिहून दिलं. मग संस्थेच्या माणसाला फोन लावून फोन माझ्या हातात दिला.

"काका, बघतो, जमवतो," तो म्हणाला.

"जमवू नका. तारीख सांगा."

"शनिवारी बघू."

"शनिवारी किती वाजता?"

"सकाळीच येईल की गाडी."

"सकाळ पाचलाही असते आणि अकरालाही असते. आणि ड्रायव्हरचा नंबर द्या."

मग तो म्हणाला, "काका, तुम्ही आधी कुठं होता?"

"लेथवर," मी सांगितलं. त्यानं नऊची वेळ दिली आणि नंबरही दिला.

चाळीस नावं गोळा करायला दोन दिवस लागले. मी अक्षरं मोठी काढतो, म्हणून वहीची नऊ पानं भरली. कोणी म्हणालं मला काही झालेलं नाही. त्याला म्हटलं, मग निकाल चांगला येईल, घाबरतोस कशाला. कोणी म्हणालं वेळ नाही. त्याला म्हटलं, खाटेवर पडलास की वेळच वेळ. शेजारच्या वहिनींनी बायकांची बाजू सांभाळली. वहिनी म्हणजे आमच्या चाळीचा भोंगा. एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाला दूध उतू जातं. शुक्रवारी रात्री यादीत सत्तावन्न नावं झाली. त्रेपन्नावं नाव समोरच्या पोरीचं. अंगठा नाही, सही केली तिनं, माझ्यापेक्षा चांगली.

शनिवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना गाडी आली. समाजमंदिराच्या खोलीत मशीन लावलं. मशीन म्हणजे हातात धरायच्या कॅमेऱ्याएवढं आणि शेजारी लॅपटॉप. मी तर कपाटाएवढं काहीतरी येईल म्हणून दाराचं दुसरं फळकूटही उघडून ठेवलं होतं.

सगळी चाळ उपाशी आली होती. तपासणी म्हटली की उपाशीपोटी, हे आमच्या डोक्यात इतकं बसलंय की कोणी विचारलंच नाही. एक्स-रेवाला म्हणाला, "अहो, छातीचा फोटो आहे, पोटाचा नाही." वहिनींनी मला सगळ्यांदेखत झापलं. "भाऊजी, नऊ पानं लिहिली, त्यात जेवून या एवढं लिहायला काय झालं होतं?" मग कोणाच्या तरी घरातून परातभर पोहे आले आणि तिथूनच दिवस बरा चालला.

पहिला मी. माझा फोटो स्वच्छ निघाला. एवढी वर्षं विडी ओढून स्वच्छ. मला जरा लाजच वाटली. मग बाकीचे पुरुष भराभर झाले.

बायकांची पाळी आली आणि रांग थांबली.

एक्स-रेवाला म्हणाला, "गळ्यातलं काढून ठेवा. टीबीचा डाग बहुतेक वरच्या भागात दिसतो, आणि पोत नेमकी त्याच्यावर येते."

एकही बाई हलली नाही. पहिल्या नंबरला वहिनीच होत्या. त्यांनी मंगळसूत्र मुठीत धरलं. "लग्नापासून काढलेलं नाही. नवरा जिवंत आहे माझा."

त्यांचा नवरा मागून म्हणाला, "अगं काढ, दोन मिनिटांत मी काय मरतोय?"

"तुम्ही गप्प बसा. तुमचा काय भरवसा?"

सगळे हसले, पण काढलं कोणीच नाही. एक्स-रेवाला म्हणाला, "मग दातांत धरा."

माझ्या बायकोलाही हेच सांगितलं होतं. तिनं वाट्या दातांत धरल्या, खोकला आला, पोत खाली पडली, फोटो बिघडला. पुन्हा धरल्या, पुन्हा खोकला. तिथला माणूस वैतागला, म्हणाला, काढा नाहीतर जा. ती म्हणाली, काढणार नाही. आणि मी, फाटक नसलेल्या तोंडाचा, म्हणालो, चल घरी, पुन्हा आल्यावर बघू. ते आल्यावर अडीच महिन्यांनी उगवलं. तोवर उशीर झाला होता.

मी मान वर केली तर समोरची पोरगी पोर कडेवर घेऊन दाराबाहेर पडत होती. खोकत होती. हिच्याही दातांत काही राहिलं नसतं.

मी तिच्या पुढून घरी पळालो. या वयात पळणं म्हणजे काय, ते गुडघ्यांना विचारा. बायकोचा हळदीचा डबा काढला. ती दर उन्हाळ्यात हळकुंडं आणून दळून आणायची आणि पाच हळकुंडं डब्यात तशीच ठेवायची, डबा रिकामा होऊ नये म्हणून. ती गेल्यापासून मी तो उघडलाच नव्हता. मी पुडीची हळद वापरतो. डबा उघडल्यावर जो वास आला, त्याचं मी इथं काही लिहीत नाही.

पाच हळकुंडं आणि गोधडी शिवायच्या दोऱ्याचं रीळ घेऊन परत आलो. वहिनींच्या हातात दिलं. "मंगळसूत्र तुटलं तर गळ्यात काय बांधता तुम्ही बायका?"

"हळकुंड," वहिनी म्हणाल्या, आणि लगेच त्यांच्या ध्यानात आलं. पण मागून एक म्हातारी कुरकुरली, "विधुराच्या घरची हळद बांधायची का सवाष्णींनी?"

तेव्हा वहिनींनी आपला भोंगा काढला. "विधुराची कशी? डबा कोणाचा? ती अहेव गेली. अहेव गेलेलीच्या हातची हळद चालत नाही, तर मग कोणाची चालते?"

अहेव म्हणजे नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेलेली. बायको गेली तेव्हा मातीला आलेल्या प्रत्येकानं मला हे ऐकवलं होतं, भाग्याची, अहेव गेली. मी एकाला विचारलंही होतं, कसलं भाग्य, साठाव्या वर्षी खोकून मेली ती. दीड वर्ष त्या शब्दाचा मला राग होता. त्या दिवशी तो शब्द पहिल्यांदा काही कामाचा निघाला.

एक्स-रेवाला शहाणा होता. म्हणाला, "दोरा आखूड बांधा, पार गळ्याशी. म्हणजे छातीवर काही येणार नाही." वहिनींनी पहिलं स्वतःला बांधून घेतलं, मग मंगळसूत्र काढून ताटात ठेवलं. ताट कुरकुरणाऱ्या म्हातारीकडंच दिलं सांभाळायला. पाचपाच बायका आत. बाहेर आल्या की आधी मंगळसूत्र घालायचं, मग हळकुंड पुढचीला. वहिनींचा नवरा प्रत्येक वेळी विचारायचा, "मी आहे ना अजून?"

समोरची पोरगी उंबऱ्यातच थांबली होती. मी म्हटलं, "समदी चाळ चाललीय. आता?"

तिनं मुलगी माझ्या हातात दिली आणि मान पुढं केली. वहिनींनी बांधलं. आत खोकली दोनदा, पण पडायला काही नव्हतंच. फोटो एका दमात आला.

लॅपटॉपनं तिच्या फोटोवर संशयाची खूण केली. तिथंच डबीत तिचा बेडका घेतला. सोमवारी सकाळी जीप दारात उभी, गाठोडी वर बांधलेली, आणि डॉक्टरीणबाईचा फोन आला. टीबी होता. पण अगदी सुरुवातीचा.

पोरगी जीपच्या पायरीवर बसली. मला वाटलं रडते आता. तिनं विचारलं, "बाबा, खोली?"

वहिनी मागून ओरडल्या, "खोली सोड म्हणणाऱ्याला आधी माझ्या दारावरून जावं लागंल!"

जीप तासभर थांबवली. ड्रायव्हर कुरकुरला, त्यालाही उभ्यानंच समजावलं. दवाखान्यातून तिला गोळ्या मिळाल्या, गावाकडच्या आरोग्य केंद्राला चिठ्ठी मिळाली, तान्ह्या मुलीलाही आजार होऊ नये म्हणून औषध मिळालं. दूध पाजायला हरकत नाही, फक्त तोंडाला फडकं बांधा, असं बाईनं सांगितलं. चिखलात मात्र यंदा उतरायचं नाही. जीप हलली तेव्हा माझं लक्ष गेलं. तिच्या गळ्यात मंगळसूत्रही होतं आणि वर हळकुंडही. शनिवारी घाईत परत द्यायचं राहून गेलं होतं.

"अगं, ते हळकुंड!"

"राहू द्या बाबा, बरी होऊन आणते."

पुढच्या महिन्यात संस्थेच्या माणसाचा फोन. "काका, सिन्नर रोडच्या वस्तीत बायका अडल्यात. ते हळदीचं काय केलं होतं तुम्ही?" मी सांगितलं आणि वर म्हटलं, करारात लिहून घ्या, मशीन एक, लॅपटॉप एक, हळकुंडं पाच. त्याला थट्टा वाटली. पण आता त्यांच्या गाडीच्या पेटीत एक डबी असते, मी स्वतः बघितली आहे.

पोरगी दसऱ्याच्या आधी आली. गाल भरले होते, खोकला गेला होता. गोळ्या अजून चालू होत्या, एकही चुकली नव्हती. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणलं माझ्यासाठी आणि कागदात गुंडाळलेलं हळकुंड. ते मी डब्यात ठेवलं. पाच झाली.

मग तिनं माझी आमटी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, हळद कुठली घालता?"

"पुडीची."

"तरीच."

पुढच्या उन्हाळ्यात मी हळकुंडं विकत आणून गिरणीत दळून घेतली. पाच तशीच ठेवली.